पाचाच्या पुढे

एमिलने पाच बोटं दाखवली, मी फोनवर पाच गुण टाकले, आणि अर्ध्या तासात सगळ्या मंडळींनी आमच्या नावाने शिमगा सुरू केला.

व्हॅलेरिओने त्या दुपारी दोन होमरन मारले होते. शिवाय कुंपणावर चढून एक चेंडू असा काही झेलला, की बेसबॉलमधलं काडीचं न कळणारी माझी बहीणसुद्धा फोन करून विचारत होती, पाहिलंस का म्हणून. अशा माणसाला दहापैकी पाच. आणि यादीत त्याच्या पाठोपाठ येणारा कॅचर डॉबिन्स, ज्याने फार चांगलं नाही तरी वाईटही काही केलं नव्हतं, त्याला तीन. एमिल हुडाकने चष्मा धुतला नाही वाटतं, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं की हुडाक हल्ली सामना बघत नाही, भिंत बघतो. मी ते माझ्या नवऱ्याला, एमिलला, वाचून दाखवलं नाही. फोन पालथा ठेवला आणि त्याची चादर बदलायला घेतली.

ही मंडळी म्हणजे ‘मागचं बाक’. क्लीव्हलंडला लागून असलेल्या आमच्या पार्मातल्या स्लोव्हाक लोकांच्या हॉलमध्ये बारच्या मागच्या भिंतीशी एक लांब बाक होतं. कारखान्याची पाळी सुटली की एमिल आणि त्याचे दोस्त तिथे बसून क्लीव्हलंडच्या संघाचा सामना बघायचे, आणि सामना संपला की खेळलेल्या प्रत्येकाला एक ते दहा गुण द्यायचे. स्वतःला दोन जिने चढले तर धाप लागते, आणि कोण किती वेगाने धावला त्याचा निवाडा हे करणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय! पुढे हॉल विकला गेला, बाक कुठे गेलं देव जाणे. पण नाव राहिलं आणि गुण देणं फोनवर आलं. आता त्यात फ्लोरिडात राहायला गेलेले म्हातारे आहेत, त्यांचे जावई आहेत, आणि ज्यांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही असेही आहेत. कुणी कुणाला किती दिले ते सगळ्यांना दिसतं. सरासरी लेन साबोल काढतो. एमिलच्या शेजारच्याच यंत्रावर त्याने मोटारींचे पत्रे दाबण्यात जन्म घालवला.

बाकावर एमिलचा दरारा होता. आखडत्या हाताचा, पण खोटे गुण कधी देणार नाही. सगळे सात-सात देत असले आणि एमिलने चार दिले, तर लोक पुन्हा विचार करायचे. त्याचा आठ म्हणजे सोनं. दहा त्याने उभ्या जन्मात कुणाला दिले नाहीत. “दहा देवाचे,” म्हणायचा, “आणि देव आपल्या संघात नाही.”

जानेवारीत दारातला बर्फ काढताना तो पडला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, एक शब्द तेवढा राहिला: हो. भूक लागली तरी हो, पाठ दुखली तरी हो, मी वेंधळेपणा केला तरी हो. स्वरावरून ओळखायचं. नको म्हणायचं असलं की डोळे मिटतो. सकाळी मी शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधते, दुपारी घरी येऊन याला उठवते, बसवते, भरवते, धुते. रात्री अंथरुणाला पाठ लागली की माझीच पाठ मला परकी वाटते. कुणी विचारलं तर म्हणते, चाललंय.

मंडळींना सांगू का, असं मी फेब्रुवारीतच विचारलं होतं. त्याने डोळे मिटले ते मी खोलीतून जाईपर्यंत उघडले नाहीत. मग लेनला फोनवर सांगितलं, थोडं झालं होतं, आता बरा आहे, घसा बसलाय म्हणून बोलत नाही. घसा किती महिने बसतो, हे विचारण्याइतका लेन आगाऊ नाही.

एप्रिलमध्ये सामने सुरू झाले तसं एमिलने डाव्या हाताने माझा फोन दाखवला आणि बोटं वर केली. मला समजलं. सामना संपला की मी पलंगाशी बसून एकेक नाव घ्यायची, तो बोटं दाखवायचा, मी चष्मा सावरून टाकायची. मध्येच तो हात हलवून हो हो करायचा. मला वाटायचं त्याला लघवीला लागली असेल. मी भांडं आणायची, तर डोळे मिटायचा. म्हणजे तेही नाही. मग पुढचं नाव.

मे महिन्यात लेनचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, त्याच्या गुडघ्याचं, त्याच्या मुलीच्या घटस्फोटाचं. मग मुद्द्यावर आला. बाकावरचे लोक कुरकुर करतायत. एमिल कुणालाच पाचाच्या वर देत नाही, चांगल्या खेळाडूंची सरासरी मातीत जाते. आणि बाकाचा जुना नियम आहे, आकसाने गुण देणाऱ्याचं मत त्या वर्षापुरतं बाद. नियम एमिलनेच घातलेला.

“मी कसंबसं थोपवून धरलंय,” लेन म्हणाला. “पण त्याला सांग, बर्नी. असंच चाललं तर मला त्याचं नाव काढावं लागेल.”

फोन ठेवला आणि एमिलच्या पलंगाकडे पाहिलं. त्या माणसाकडे आता राहिलं काय होतं? चालणं गेलं, बोलणं गेलं, चर्चमध्ये गाणं गेलं, स्वतःची दाढी स्वतः करणं गेलं. सामन्यानंतरचं ते मत तेवढं राहिलं होतं. दिवसभर मेणासारखा पडलेला असतो, पण मी फोन हातात घेतला की त्याच्या चेहऱ्यावर माणूस परत येतो. ते गेलं तर मी त्याला कशासाठी उठवून बसवायचं?

त्या रात्री मी डोकं चालवलं. एक हात, पाच बोटं. म्हणजे पूर्ण पंजा ते पूर्ण गुण. बिचारा दहापैकी नाही, पाचापैकी देतोय, आणि मी गाढवासारखी तसेच टाकतेय. इतकं सोपं, आणि मला दीड महिना सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दुप्पट करू लागले. दोनाचे चार, तीनाचे सहा. संघ वाईट हरत होता, पूर्ण पंजा कुणाला आला नाही, आणि बाकावर शांतता झाली. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

शनिवारी व्हॅलेरिओने सामना जिंकून दिला. एमिलने पंजा दाखवला, मी दहा टाकले. आणि बाकावर जो काय गोंधळ! हुडाकने दहा दिले, अखेर देव संघात आला. फ्लोरिडातल्या एकाने तर लिहिलं, आता मी सुखाने मरतो. मी हसत हसत सगळं एमिलला वाचून दाखवलं.

तो हो म्हणाला. असा हो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. थोबाडीत बसावी तसा आला. मग त्याने डोळे मिटले. मी कोबी घालून शेवया केल्या होत्या, लोण्यात परतलेल्या, त्याच्या आईच्या पद्धतीच्या. चमचा ओठाला लावला तर दात आवळून धरले. दोनदा, तीनदा.

माझंही डोकं फिरलं. सकाळी पाचपासून उभी होते मी. म्हटलं, तुझ्यासाठीच करतेय ना हे सगळं? मला काय त्या मेल्या व्हॅलेरिओचं पडलंय? मग तूच टाक तुझे गुण, तूच भर तुझं तोंड. बशी आपटली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सामना सुरू व्हायच्या आत, लेन दारात उभा. हातात कागदात बांधलेली सॉसेजं. हुडाकने दहा दिले म्हणजे तो एकतर मेलाय किंवा कुणी त्याचा फोन चोरलाय, असं त्याच्या मनात आलं होतं म्हणे. मी काही बोलायच्या आत तो पुढच्या खोलीत शिरला आणि पलंग बघून थांबला. टोपी काढली. एमिलने मान वळवायचा प्रयत्न केला.

“घसा बसलाय म्हणे तुझा, म्हाताऱ्या,” लेन म्हणाला.

एमिल हो म्हणाला. लेनने खुर्ची पलंगाला लावली, बूट काढले, आणि दोघं सामना बघायला लागले. मी कपडे वाळत घातले, सॉसेजं उकडली. संघ हरला. लेनने माझा फोन मागितला, म्हणाला, तू बस जरा, आज मी टाकतो. मी बसले नाही. बसायची सवयच राहिलेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

“व्हॅलेरिओ,” लेनने नाव घेतलं.

एमिलने पंजा उघडला. लेनने काही टाकलं नाही. त्याला काही कळलं होतं असं नाही, तो जात्याच संथ आहे. बिअरचा डबा शोधत होता. सापडला, एक घोट घेतला, मिशी पुसली. एमिलचा पंजा मिटला, पांघरुणावर पडला. पडून राहिला. मला वाटलं झालं आता, पुढचं नाव घे ना बाबा. तेवढ्यात हात पुन्हा उचलला, कापत कापत, आणि दोन बोटं उघडली.

“सात,” लेन म्हणाला. “मीही सातच देणार होतो. शेवटचा चेंडू सोडला गाढवाने.”

“हो,” एमिल म्हणाला. आणि तो हो कसा होता, सांगू? लग्नाआधी मी त्याला विचारलं होतं, माझ्या बापाशी बोलशील का, तेव्हाचा होता.

मी चौकटीला धरून उभीच. पाच, आणि मग दोन. पाच, आणि मग तीन. पाच दाखवल्यावर हाताला दम खायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात मी मान खाली घालून आकडा टाकायची, पुढचं नाव घ्यायची. व्हॅलेरिओचे राहिलेले तीन मी डॉबिन्सच्या नावावर लिहिले होते. तो हो हो करत होता तेव्हा मी भांडं घेऊन धावत होते. एवढे दिवस नवऱ्याचं अर्धंच बोलणं ऐकत होते, आणि वर त्याची दुप्पट करून लोकांना वाटत होते.

लेन भांडी विसळायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. नळ सोडला आणि पाण्याकडेच बघत म्हणाला, “तो थांबून थांबून देतो, बर्नी. तू थांबत नाहीस.”

“थांबायला वेळ कुठेय मला?” मी म्हटलं.

त्याने भांडी विसळून पालथी घातली, हात पुसले. बाकावर त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन लिहिलं की हुडाकचे आजवरचे गुण माझ्याकडून उलटसुलट लागले होते, चूक माझी, यापुढचे खरे. सगळ्यांनी लेनला यथेच्छ शिव्या घातल्या. एमिलच्या आजाराबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही.

तेव्हापासून मी बसायला लागले. नाव घ्यायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. पंजा उघडतो, मिटतो, पडतो. बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू असतं. मग पुन्हा उघडतो. एक. किंवा तीन. किंवा काहीच नाही, आणि तो हो म्हणतो, म्हणजे पाच ते पाचच. नऊ-दहा नावांना अख्खी संध्याकाळ जायची. भांडी तशीच पडायची. पडू देत. संसारात इतकी वर्षं काढली, पण एमिलसमोर नुसती बसून मी कधी राहिले नव्हते.

ऑगस्टपासून मधला वेळ लांबायला लागला. पाच आणि तीन यांच्यामध्ये मी एखादी डुलकी काढू शकले असते. डॉक्टर म्हणाली, हे असंच होत जाणार. तिने फार गोड आवाजात सांगितलं, त्यामुळे मला अधिकच राग आला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी वर्षाचा शेवटचा सामना झाला. व्हॅलेरिओ पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने एक धाव काढली, एक सोपा चेंडू सोडला, आणि जाताना टोपी काढून उभा राहिला. बाकावर सगळे त्याला दहा देत होते, निरोपाचे. एकामागून एक दहा. मी बाकीची नावं आधी घेतली आणि त्याचं शेवटी ठेवलं.

“व्हॅलेरिओ,” मी म्हटलं.

एमिलचा हात वर आला. पाच बोटं. अंगठा नीट उघडला नाही, पण पाचच होती. मग हात मिटला आणि पांघरुणावर पडला. मी वाट बघितली. तो हो म्हणाला नाही. डोळे उघडे होते, हाताकडे लावलेले, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि हा त्याला बोलावतोय. बोटं जराशी हलली आणि राहिली. खिडकीतलं ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं.

फोन गुरगुरला. दहा देऊन मोकळा हो म्हाताऱ्या, असं कुणीतरी लिहिलं होतं. मला टाकता आले असते. दहा नाहीत, दहा त्याने दिलेच नसते. पण आठ टाकले असते तर कुणाला कळणार होतं? आठच द्यायचे असणार त्याला, मला खात्री होती. किंवा सात, त्या सुटलेल्या चेंडूपायी. सात की आठ? मला खरंच माहीत नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला नाही. घेतला असता तर त्याला उचलता आला नसता.

लेनचा निरोप आला. सगळ्यांचे गुण आले बर्नी, मतदान बंद करू का?

मी एका बोटाने लिहिलं, “थांब. त्याचं अजून झालेलं नाही.”