एका पृथ्वीगोलाचं थेट बोलणं

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका एजंटाच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. तुम्हाला गोड गोड कहाणी हवी असेल, तर खुशाल त्या कोपऱ्यातल्या छत्रीला विचारा. माझं तोंड कधीचंच कडू झालं आहे.

कारखान्यात एका बाईने पुठ्ठ्याच्या गोळ्यावर नकाशाच्या पाकळ्या इतक्या हळुवार चिकटवल्या, की सांधा कुठे दिसू नये. मग मला गर्रकन फिरवून ती म्हणाली, "झकास!" माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक, आणि जवळजवळ शेवटचंही.

पुढे एजंटाच्या हाती पडलो. शी! तळकट खाल्लं की तो बोटं माझ्या दक्षिण गोलार्धाला पुसायचा. कान कोरलेलं बोटही तिथेच. चघळून झालेलं च्युइंगम त्याने माझ्या एका महासागरात चिकटवलं आहे. त्यावर आता धूळ आणि केस बसले आहेत. गिऱ्हाईक आलं की तेच बोट तो एका विमानतळावरून सर्रकन दुसऱ्यावर न्यायचा आणि म्हणायचा, "हे बघा, बोटभर अंतर!" त्या बोटाखाली दोन समुद्र आणि एक अख्खं वाळवंट चिरडलं जायचं, पण त्याला काय त्याचं!

एकदा शेजारच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई धावत आली. गळ्यातली टेप काढायचंही तिला भान नव्हतं. दूरच्या शहरात तिचा धाकटा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. तिने आधी रुमालाला हात पुसले, मग मला हात लावला. आपलं गाव आणि भावाचं शहर यांच्यामध्ये टेप धरून ती पुटपुटली, "एवढ्या लांब कशाला गेलास रे..." मग एजंटाला म्हणाली, "सगळ्यात लवकर पोचेल तेच दे रे बाबा. तो माझी वाट बघतोय. थेट जाईल ना?"

"एकदम थेट, मावशी! बसलात की पोचलात."

कुठेही न थांबणारं विमान दुसऱ्या कंपनीचं होतं. त्याचं त्याने नावही काढलं नाही, कारण स्वतःकडच्या जागा खपवायच्या होत्या. सांगितलेला वेळही नुसता उडण्याचा होता. त्याने दिलेलं विमान वाटेत दोन विमानतळांवर ताटकळतं, तो वेळ त्याने साफ गिळला. मला आवाज असता तर मी किंचाळलो असतो.

काही आठवड्यांनी ती परत आली. विमान वाटेतल्या दुसऱ्या विमानतळावर उभं असतानाच भाऊ गेला होता.

"दाराकडे डोळे लावून होता म्हणे," ती म्हणाली. "थेट म्हणाला होतास ना रे?"

एजंट दात कोरत म्हणाला, "विमान बदलावं लागलं का, मावशी? नाही ना? मग थेटच की!"

मला त्याची इतकी किळस आली, की टेबलावरून गडगडत जावंसं वाटलं.

मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण कुणी घाईघाईने वाट विचारली, तर ती मध्ये कुठे थांबते तेही सांगा. पलीकडे कुणीतरी दाराकडे डोळे लावून पडलेलं असतं.