उंटाला लागलेला पाय

या डावावर माझे रविवार टांगलेले होते. नसरापूरला हायवेलगत आमची खानावळ आहे आणि रविवारी पुण्याची गिऱ्हाइकं उतू जातात. तरी तीन वर्षं मी एसटीने भोरच्या बुद्धिबळ मंडळात जात आले. यंदा नवऱ्याने, हनुमंतने, शेवटचं सांगितलं होतं, की स्पर्धा जिंकलीस तर खुशाल जा, हरलीस तर रविवारी चुलीपुढं बस. मीही तोऱ्यात हो म्हणून बसले.

शेवटचा डाव आनंदरावांशी पडला. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. हॉलमधली टेबलं कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेली, त्यामुळे पट सतरंजीवर मांडले होते. दोन तास मांडी घालून माझ्या पायाला मुंग्या आल्या. पण डाव माझा होता. त्यांच्या वजिराला माझा एकटा उंट अडवून उभा होता आणि दोन चालींत मी मात देणार होते.

चाल माझीच होती. पाय जरा मोकळा करायला गेले आणि अंगठा त्या उंटाला लागला. पाय लागला की हात आपोआप जातो. मी उंटाला बोटं लावली, कपाळाला टेकवली, आणि मग माझ्या लक्षात आलं.

हात लावलेली सोंगटी चालावीच लागते. पंच धनाजी सरांनी मलाच विचारलं, हात चुकून लागला का? काय सांगणार होते? नमस्कार कुणी चुकून करत नाही.

"ऱ्हाऊ द्या की सर," आनंदराव म्हणाले. "पोरीनं पाया पडून घेतलं. आमी सोडलं."

हॉलभर हसू फुटलं. माझं डोकंच फिरलं. असा सोडून दिलेला डाव जिंकून घरी गेले असते, तर हनुमंतने तो धरला नसता, आणि खरं सांगायचं तर मीही नसता धरला. मी उंट उचलला आणि तिरका पलीकडच्या घरात ठेवला. आनंदरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वजीर आत घातला. मात झाली.

बाहेर हनुमंत मोटारसायकल घेऊन आला होता. आतली बातमी माझ्याआधी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"म्हातारा सोडत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग तुझं तूच बंद केलंस. मला बोल लावू नगंस."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. मी पदर खोचला आणि मागे बसले.