बर्फाच्या कारखान्यातले पूर्वज

चौलच्या त्या मंडपात सारखा कुणाचा ना कुणाचा मोबाइल 'टिंग' करायचा आणि आजूबाजूचे लोक हात जोडायचे. टिंग म्हणजे स्वर्गातून उत्तर! टपालनाथ महाराजांनी मृतांशी पत्रव्यवहार सुरू केला होता. वारलेल्या माणसाचं नाव, पुढे 'ॲट परलोकटपाल डॉट इन', आणि द्यायचा ईमेल सोडून. घटकाभरात पूर्वज हजर.

"आमच्या टपालाला पृथ्वीवर पेटी नाही!" महाराज गर्जत होते. "तार नाही, टॉवर नाही. थेट चैतन्यलहरी!" गर्जताना माइकची वायर त्यांच्या पायात अडकत होती.

एरवी मधुवंतीला हसू फुटलं असतं. नुकतीच बीएस्सी झालेली, प्रत्येक गोष्टीत 'कसं काय?' विचारणारी ती मुलगी. पण आज तिचा जीव टांगणीला लागला होता. केसरआत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी अलिबागला ठरलं होतं आणि दिवंगत नवऱ्याचं उत्तर आलं होतं : 'तुझ्या हातचं जिताड्याचं कालवण विसरलो नाही. डोळ्याला सुरी लावू देऊ नकोस. महाराजांचं तीर्थ घाल.' तीर्थ घालून डोळा लालबुंद झाला होता.

"आत्या, काकांचा पत्ता काय घातला होतास गं?"

"मी कसली घालते! सेविकेनं नाव विचारलं. मी बापडी त्यांचं नाव कशी घेणार? म्हटलं, आमचे हे. तिनं तेच टाइप केलं."

"आमचेहे ॲट परलोकटपाल?"

"तरी पोचलं की नाही? नाव न घेता!"

मधुवंतीच्या डोक्यात दिवा लागला. कोणत्याही नावाचं पत्र मुकाट्यानं घेणारी पेटी! म्हणजे सगळ्यांची पत्रं एकाच माणसाच्या पुढ्यात पडत होती. कुठे बसला होता हा माणूस?

ते शोधणं अवघड नव्हतं. एखाद्या पत्त्यावरचे मेल कोणत्या सर्व्हरवर उतरवायचे याची नोंद इंटरनेटवर उघडी असते. नाहीतर पाठवणाऱ्याला कळणार कसं? तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात आणि ती कुणीही विचारू शकतं. मधुवंतीनं मोबाइलवरून विचारली. उत्तर आलं : मेल डॉट हरेश्वरबर्फ डॉट इन.

शेजारी रेवदंड्याचे होडीवाले अब्दुस्समदचाचा गंमत बघायला बसले होते. ते डोकावले. "या अल्ला! हा तर आपला हरेश्वर! माझ्या मासळीला बर्फ देतो!"

मधुवंती उठली. "महाराज, तुमच्या टपालाला पेटी आहे. रेवदंड्याच्या बर्फाच्या कारखान्यात!"

महाराजांनी पायातली वायर सोडवली. "बाळ, आत्म्यांना गारवा लागतो!"

आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"असं? मग मीपण एक पत्र टाकते." तिनं चाचांच्या कानात काही विचारलं आणि मोठ्यानं वाचत टाइप केलं, "प्रिय नूरी, तुझ्याविना रेवदंडा ओस पडलाय. मी काय करू, सांग."

मेल गेला. सगळे मोबाइलकडे टक लावून बसले. वाजला मात्र चाचांचा फोन.

"हरेश्वर हाय!" चाचा कुजबुजले. मधुवंतीनं स्पीकर चालू केला आणि महाराजांचा माइक ओढून फोनला लावला.

"चाचा, तुमच्या मोहल्ल्यात नूरी कोण वारली हो? म्हातारी होती का तरणी?"

"वारली? अरे, नूरी माझी होडी हाय! सकाळीच डिझेल पाजलंय तिला!"

मंडपात हशाचा असा स्फोट झाला की महाराजांची गादी हलली. चाचा मात्र एकदम ओशाळले. "केसरबाई, तुमच्या मालकांना काय आवडायचं, हेपण यानंच विचारलं होतं. मी आपला बोलून गेलो, जिताडा मासा."

आत्या लाल डोळा पदरानं टिपत उभी राहिली. "म्हणजे सुरी लावू नको, हे बर्फवाल्यानं लिहिलं?"

"होय गं आत्या."

"मेल कसला, मेला आहे तो मेला!"

पुन्हा हशा. त्या गडबडीत महाराज कनातीखालून निसटू पाहत होते, पण तिथे मघाच्याच भक्तांनी त्यांना जाब विचारायला घेरलं.

मधुवंती माइकवर म्हणाली, "आपल्या माणसांची आठवण जरूर काढा, त्याला कुणाचा सर्व्हर लागत नाही. पण चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा : हे पत्र उतरतं कुठे? वाचतं कोण? आपल्या घरातलं त्याला सांगितलं कुणी? विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही, रागावतो तो बुवा. आणि डोळ्यांचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरकडेच—"

"पुरे झालं गं भाषण," आत्यानं तिचा हात ओढला. "रिक्षा बघ. हा लाल डोळा डॉक्टरांना आजच दाखवू. सोमवार चुकता कामा नये."