मधुवंतीकाकूंचं मत

मतदान या प्रकाराबद्दल मला काडीचाही आदर नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी जहाजावरचा इंजिनिअर. भारतात निवडणूक लागली की माझं जहाज हटकून कुठल्यातरी परक्या बंदरात. चाळिशी उलटली तरी बोटाला शाई लागली नव्हती, आणि त्याची खंतही नव्हती. आपल्या एका मताने असे काय दिवे लागणार?

शहाण्णव साली सिंगापूरच्या बिशान भागात आमच्या वरच्या मजल्यावर रुचिर आणि चैत्राली राहायला आले. बरोबर रुचिरची आई, मधुवंतीकाकू. मूळच्या सांगलीच्या, पण सारा संसार अमेरिकेत, बफेलोला झालेला. काका गेले आणि त्या मुलाबरोबर इकडे आल्या. मायलेक दोघंही अमेरिकन नागरिक. काकू म्हणजे चहात साखर पडली नाही तरी निमूट पिणारी बाई. सून म्हणेल ती भाजी, मुलगा म्हणेल ते चॅनेल.

म्हणून ऑक्टोबरात रुचिर मला बोलवायला खाली आला, तेव्हा माझा विश्वासच बसेना. "प्रतापदादा, जरा वर या. आई माझ्याशी बोलत नाहीये."

झालं होतं ते असं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. परदेशात राहणाऱ्यांना मतपत्रिका टपालाने येते, तशी दोघांचीही आली. रुचिरने रविवारी सकाळी बसून दोन्हींवर खुणा करून टाकल्या. आईची तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सही कर फक्त."

"अहो, तिचा टॅक्स मी भरतो, इथे राहायच्या पासचे कागद मी भरतो," तो मला सांगू लागला. "तेव्हा कधी हूं की चूं केलं नाही."

"ते कागद होते," काकू म्हणाल्या. "हे माझं मत आहे."

आवाज चढलेला नव्हता. पण चैत्रालीने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन उभी राहिली.

खरं सांगायचं तर मला रुचिरचंच पटत होतं. आपल्याकडे घरातला कर्ता सगळ्यांचं भरतो, बाकीचे बोट ठेवलेल्या जागी सही करतात. यात अपमान कसला? मी म्हटलं, "काकू, खोडून टाका आणि हवी तिथे खूण करा."

"खाडाखोड केलेली मतपत्रिका बाद होते. बाद व्हायला नाही मी इतकी वर्षं मत दिलं."

सोमवारी रात्री, बफेलोचं निवडणूक ऑफिस उघडायच्या वेळेला काकूंनी स्वतः फोन लावला. बँकेत फोन करायचा तरी रुचिरला पुढे करणारी ही बाई! खराब झालेली परत पाठवा, दुसरी देऊ, असं तिकडून उत्तर आलं. मात्र भरलेल्या पाकिटावर मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा. नाहीतर मत धरणार नाहीत.

काकूंनी खराब पत्रिका दुसऱ्याच दिवशी कुरिअरने पाठवली आणि मग रोज खाली टपालपेटीपाशी त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ऑक्टोबर संपला. दिवाळी जवळ आली, चकल्यांचा वास जिन्यापर्यंत येऊ लागला. पत्रिकेचा पत्ता नाही. रुचिर बिचारा काळवंडून गेला होता. मला मात्र आता चैन पडेना. जहाजाची वाट इतकी कधी पाहिली नव्हती मी.

पाकीट आलं ते सोमवारी दुपारी, मतदानाच्या अगदी आदल्या दिवशी. काकूंनी मला हाक मारली. मी वर गेलो तर टेबलभर चिवडा पसरलेला आणि काकू हॉलच्या मधोमध उभ्या.

"प्रताप, टॅक्सी थांबव. मी आलेच."

असं म्हणून त्या पाकीट आणि खाली धरायला एक जाड पुस्तक घेऊन चक्क खिडकीच्या पडद्याआड गेल्या आणि पडदा ओढून घेतला. खालून नुसती पावलं दिसत होती, निऱ्या आणि निळ्या सपाता. चैत्राली हसायला लागली आणि मग आपोआप गप्प झाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही भिंतीकडे तोंड केलं.

टॅक्सीत मी विचारलं, "पडदा कशाला काकू? आम्ही काही डोकावणार नव्हतो."

"बफेलोला तसंच असतं रे. आत शिरायचं, मतदानयंत्राची मोठी कळ ओढायची, मागे पडदा बंद होतो. यांचा स्वभाव तुला माहीत नाही. माझी साडी, माझी नोकरी, माझ्या मैत्रिणी, सगळं यांनी ठरवलं. मत कुणाला द्यायचं तेही गाडीत सांगायचे. पण पडद्याच्या आत यायला यांनाही परवानगी नव्हती. इतक्या वर्षांत तेवढी एकच जागा माझी होती."

"मग आत तुम्ही..."

"मला पटेल त्याला द्यायचे. बाहेर आले की हे विचारायचे, मी सांगितलं त्यालाच ना? मी म्हणायचे, हो." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "खोटं बोलले ते तेवढंच."

माझा ऊर भरून आला होता, आणि त्याची लाजही वाटली नाही.

पोस्टात रांग होती. काकूंनी शिक्का डोळ्यांसमोर मारून घेतला, तारीख वाचली, मग पाकीट सोडलं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

परत आलो तर रुचिर ऑफिसातून लवकर येऊन बसला होता. उठून त्याने आईचा हात धरला. "चुकलं माझं, आई. पुन्हा नाही करणार."

काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. सगळे चहाला बसले. चैत्रालीने पहिली चकली काकूंच्या बशीत ठेवली. रुचिरला आता हायसं वाटलं होतं.

"पण आई," तो म्हणाला, "शेवटी मी केली होती तिथेच केलीस ना खूण?"

काकूंनी चहाचा घोट घेतला.

"हो रे बाळा," त्या म्हणाल्या.