बरणीतले सेल

माझ्या हातून बाबांचा रेडिओ वाजायला लागला आणि घरात माझा भाव एकदम वधारला.

तो रेडिओ कितीतरी दिवस कपाटावर पडून होता, सेल आत तसेच. मी मागचं झाकण उघडलं तर सेलना पाणी सुटून सगळीकडे पांढरी पूड झालेली आणि स्प्रिंग हिरवीगार. दादा म्हणाला, "शेवाळ धरलंय. फेकून दे." मी त्याचं ऐकणारी असते तर काय हवं होतं. रेडिओ काखेत मारून मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मला स्टूल दिलं, काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरमध्ये बुडवला आणि म्हणाले, "तूच घास. मी बघतो." मी घासलं, पुसलं, वाळवलं. एक स्प्रिंग पार गेली होती, ती त्यांनी बदलून दिली. निघताना म्हणाले, "जुने-नवे सेल एकत्र घालायचे नाहीत. आणि जी वस्तू महिनाभर वापरायची नाही, तिचे सेल बाहेर. एवढं सगळ्यांनी पाळलं तर माझा धंदा बसेल."

मी तर घर डोक्यावर घेऊन पाळलं. टॉर्च, वजनकाटा, दादाची लहानपणीची रिमोटवाली गाडी, सगळ्यांची झाकणं उघडली. निघालेले सेल रबर लावून एका काचेच्या बरणीत, आणि प्रत्येक रबराला चिठ्ठी चिकटवलेली, कुठले कशाचे ते कळायला. बाबा मला इन्स्पेक्टर म्हणायला लागले. आई त्यांना म्हणाली, "जपून राहा. महिनाभर कामात दिसला नाहीत तर तुमचेही काढेल ही."

स्वयंपाकघराच्या फळीवर, डब्यांच्या मागे, एक पांढरं खोकं होतं. ते आत्याच्या बेलचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आमच्या मागच्या खोलीत राहते. तिच्या उशाशी एक बटण टांगलेलं असतं, ते दाबलं की हे खोकं वाजतं. सुरुवातीला ते उठता-बसता वाजायचं. मग आत्या काठी घेऊन हिंडायला लागली आणि खोकं गप्प झालं. महिना कधीच उलटला होता. मी नियमाप्रमाणे त्यातले सेल काढले, रबर लावलं, चिठ्ठीवर 'आत्याची बेल' लिहिलं आणि बरणीत टाकले. तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की आता आठवलं तरी कान गरम होतात.

त्यानंतरच्याच रविवारी मी रेडिओ मोठ्याने लावून स्वयंपाकघरात आईला नाचायला लावलं. दादाने पातेलं बडवलं. बाबा हसून हसून खाली बसले.

सोमवारपासून आत्या बोलेनाशी झाली. म्हणजे बोलायची, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. आणि एकदा जेवताना म्हणाली, "मी धाकट्याकडे जाऊन राहीन म्हणते."

काकाचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बाबांचा घास हातातच राहिला. "ताई, कोणी काही बोललं का तुला?"

"कोणी काही बोललं नाही," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आत्या बॅग भरत होती. तिच्या कोपरावर काळंनिळं झालं होतं.

"हे काय गं, आत्या?"

"रविवारी पलंगाजवळ पडले. बटण दाबलं, त्यावरचा लाल दिवा लागला. पुन्हा पुन्हा दाबलं. तुमचा रेडिओ चालला होता. तुम्ही सगळे हसत होता." तिने साडीची घडी नीट केली. "हसावं. चांगलं असतं."

"मग?"

"मग काय, खुर्ची धरून उठले. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली माझी. बेल ऐकूनही माणूस उचलत नाही, म्हणजे काय, ते मला कळतं."

मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण मी "पाणी आणते" म्हणून तिथून सटकले, बरणीतून ते सेल काढले आणि खोक्यात परत घातले. झालं, मी स्वतःला सांगितलं, आता बेल चालू आहे, मिटलं.

मिटायचं कसलं. संध्याकाळी आईने ते कोपर पाहिलं आणि सगळे मागच्या खोलीत जमले.

"अगं ताई, बेल का नाही वाजवलीस?" बाबा म्हणाले.

"वाजवली."

बाबांनी बटण दाबलं. स्वयंपाकघरातलं खोकं असं खणखणीत वाजलं की शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

आई पलंगाच्या कडेला टेकली. बाबा बटणाकडे बघत राहिले, जणू त्यालाच विचारत होते. दादा म्हणाला, "आत्या, आम्हाला खरंच ऐकू आलं नाही."

"हो रे," आत्या म्हणाली.

ते 'हो रे' मला सहन होईना. लहानपणी बाबांना तिने इतक्या वेळा शाळेत सोडलंय, आणि आता ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्या मनगटावर ते रबर होतं. सेल घालताना सवयीने चढवलेलं, चिठ्ठीसकट. मी हात पुढे केला.

"रविवारी खोक्यात सेल नव्हते. मी काढले होते." आणि मग त्याहून जड वाक्य. "मघाशी परत घातले. कोणाला न सांगता."

आत्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "अक्षर बघा," ती म्हणाली. मग, "काढलेस ते चुकून. आणि घातलेस ते?"

"भीतीने."

"हं." बराच वेळ ती त्या रबराशी चाळा करत बसली. "वापरात नाही, असं वाटलं ना तुला? मी रोज वापरत होते गं. उशाशी आहे, एवढ्यावर झोप लागायची."

बाबा खोलीबाहेर गेले. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

आत्या गेली नाही. बॅगेतून तिने टॉवेल आणि कपडे काढले, पण बॅग माळ्यावर गेलेली नाही. ती पलंगाखालीच आहे, मी झाडताना बघते. बरणीतले टॉर्चचे सेल मी टॉर्चमध्ये घातले, आणि वेळप्रसंगी लागणाऱ्या वस्तूंचे आता काढत नाही, दर महिन्याला उघडून नुसते बघते. खोकं डब्यांच्या पुढे आणलंय. रेडिओ हळू लावते.

आणि बेल रोज वाजते. कधी सकाळी, कधी मी गणितात डोकं घालून बसलेली असताना. मी हातातलं टाकून धावते.

"काय गं, आत्या?"

"काही नाही. बघत होते."

"आले ना मी?"

"आलीस," ती म्हणते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते.