एकट्या श्रेयालाच का?

शाळेच्या ग्रुपवर मनीष सरांचा मेसेज आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. ‘सभी बच्चे फिट. केवल श्रेया होल्ड पर. ईसीजी के बाद देखेंगे.’ आणि खाली जोडलेले हात. मला ते जोडलेले हातच आधी खटकले. काही केलं नसेल तर माणूस हात कशाला जोडेल?

श्रेया माझी मुलगी, नववीत आहे. आठशे मीटर पळते. सोमवारी संभागाची, म्हणजे विभागीय, स्पर्धा होती आणि शाळेतून त्या शर्यतीला ती एकटी जाणार होती. ती नाही गेली तर राखीव मुलगी जाणार. राखीव मुलगी म्हणजे अनुश्री. आणि अनुश्री म्हणजे खेळाच्या मनीष सरांची सख्खी भाची.

“भाची?” आमचे उदयसिंह ताटावरून हात उचलून म्हणाले. यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात, पण संशय घ्यायची वेळ आली की अजून घोड्यावरच असतात. “इसमें कुछ तो है, इंदिरा. सगळी लाइन पास आणि आपलीच पोरगी अडकली?”

“तपासणीला डॉक्टरीण बाहेरून बोलावली होती म्हणे.”

“बोलावली कोणी? त्यानेच ना?”

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर पक्कं झालं.

श्रेयाला विचारायला गेले तर ती पालथी पडून मोबाइल बघत होती.

“तपासणीत काय केलं गं तुला?”

“काही नाही. बीपी घेतलं, छातीला नळी लावली. काहीबाही विचारलं.”

“काय विचारलं?”

“यार आई, मूड ऑफ आहे. नको ना.”

मग मी तिच्याच मोबाइलवर अनुश्रीचं स्टेटस पाहिलं. गुलाबी स्पाइक्स, नवे कोरे. फोटो बुधवारचा आणि तपासणी झाली गुरुवारी. जिला पळायचंच नाही ती आदल्या दिवशी स्पाइक्स कशाला घेईल? रात्रभर ते गुलाबी बूट माझ्या डोळ्यांपुढे पळत होते.

शुक्रवारी सकाळीच शाळेत गेले. मनीष सर मैदानावर चुना टाकून घेत होते. मला बघून धावत आले.

“नमस्ते भाभीजी! चाय मंगवाऊँ?”

“नको. भाचीचे बूट छान आहेत, सर.”

ते गोंधळले. “अनुश्री के? जीजाजी लाए हैं. बर्थडे था ना.”

वाढदिवसही नेमका याच आठवड्यात. मी मनात नोंद केली.

“सर, सरळ विचारते. एकट्या श्रेयालाच का रोखलं?”

“भाभीजी, मेरी सबसे बढ़िया रनर है, मैं क्यों रोकूँगा?” सर खरंच रडकुंडीला आले होते, किंवा तसं दाखवत तरी होते. “डॉक्टर मैडम ने सब बच्चों से वही सवाल पूछे. दौड़ते टाइम घबराहट होती है क्या? सबने बोला, नहीं. श्रेया ने बोला, होती है. बस, मैडम ने कहा, जाँच के बिना नहीं.”

“घबराहट?”

“हाँ जी, घबराहट.”

आणि मला हसू आलं. इतकं की चुना टाकणारा माणूस थांबून बघायला लागला.

त्याचं असं आहे. आमच्या घरात मराठी बोलतात म्हणजे क्रियापद मराठी, बाकी जे हाताला लागेल ते. श्रेया कितीदा म्हणाली होती, ‘आई, पळताना घबराहट होते.’ घाबरते बिचारी, शर्यतच आहे, असं म्हणून मी तिला खजराना गणपतीला नेलं आणि मनगटाला धागा बांधून आणला. उदयसिंह म्हणाले होते, ‘आपल्या घराण्यात घाबरायची पद्धत नाही बेटा.’ आता ही डॉक्टरीण हिंदीवाली. हिंदीत घबराहट म्हणजे छातीत धडधड. पोरगी बोलली भीतीचं आणि बाईंनी ऐकलं हृदयाचं. एवढासा घोळ! मनीष सरांवरचा संशय मी तात्पुरता खाली ठेवला. बूट मात्र विसरले नाही.

संध्याकाळी श्रेयाला स्कूटरवर मागे बसवून मल्हारगंजात गेले. भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत, एका जिन्यावर, शाळेत आलेल्या त्या डॉक्टर शिखा यांचा दवाखाना होता. त्या तरुण होत्या, ठसठशीत टिकली लावलेल्या, आणि कोणतीही घाई नसलेल्या. कामाच्या वेळी माणूस असा निवांत बसलेला दिसला की मला संशय येतो, पण हा त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, म्हणून सोडून दिलं.

मी त्यांना भाषेचा घोळ समजावून सांगितला. चांगला रंगवून सांगितला. त्या हसल्या.

“अच्छा! मतलब मराठी में घबराहट यानी डर?”

“हो ना! स्टार्टची बंदूक उडते, त्याला घाबरते ती. लहान आहे.”

“ये तो मुझे पता ही नहीं था.” त्यांनी पेन उचललं, फिटनेसचा कागद पुढे ओढला. मग सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, “एक बार इसी से पूछ लेते हैं. श्रेया, डर लगता है बेटा?”

मी श्रेयाकडे बघून मान हलवली. म्हणजे, हो म्हण आणि सुटू. तिने माझी मान बघितली. तिला सगळं कळत होतं. सोमवार तिच्या एका ‘हो’वर होता.

“नाही,” ती म्हणाली. “डर नहीं लगता. बंदुकीला कोण घाबरतं?”

“श्रेया...”

“आई, मी मराठीत नव्हते बोलत. घबराहट म्हणजे घबराहटच. इथे.” तिने गळ्याखाली तळवा ठेवला. “मिक्सर चालू असताना झाकण दाबून धरल्यासारखं होतं. मग हात सोडला तर सगळं उडेल असं वाटतं. दुसऱ्या चकरेत होतं. परवा सरावात लालबाग राजवाड्याच्या भिंतीशी मी खालीच बसले.”

“मला कधी सांगितलंस हे?”

“सांगितलं होतं. तू धागा बांधलास.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही. जीव घाबरा होतो असं आपणही म्हणतोच की. सासूबाई म्हणायच्या, उन्हाळ्यात, पंख्याखाली. पण नववीतल्या पोरीचा जीव घाबरा होईल असं कोणाच्या कानाला वाटेल?

“बैठी थी या गिरी थी?” डॉक्टरांनी विचारलं.

श्रेयाने मनगटावरचा धागा फिरवला. मग म्हणाली, “थोडी गिरी थी.”

थोडं पडणं म्हणजे काय असतं ते मी विचारलं नाही. डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

“घर में कोई कम उम्र में अचानक गया है? आपकी तरफ़, इसके पापा की तरफ़?”

“नाही,” मी लगेच म्हणाले. खरंच नाही असं वाटून म्हणाले. “म्हणजे, हार्टने कोणी नाही. दीर गेले, यशवर्धन, कॉलेजात असताना. पण ते पाण्यात.”

“तैरना नहीं आता था?”

“येत होतं. चांगलं येत होतं.”

“तो फिर?”

घरात या प्रश्नाचं एकच उत्तर आहे आणि ते हळू आवाजात देतात. घोडदळाच्या घराला शोभत नाही म्हणून हळू. मीही हळूच दिलं. “पाण्यात घाबरले, म्हणतात.”

ते वाक्य तिथे टेबलावर पडलं आणि आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो.

“ऐसा किसने बोला था? उन्होंने खुद?”

मला माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन उदयसिंहांना फोन लावला. ते कोणाला तरी रिव्हर्स शिकवत होते, मागून ‘क्लच, क्लच’ चाललं होतं. मी विचारलं, यशवर्धन शेवटी काय म्हणाले होते? क्लच थांबला.

“आज हे का?”

“सांगा ना.”

“काठावरच्या मुलांना म्हणाला, घबराहट हो रही है, मैं बाहर आता हूँ.” मागे गाडी बंद केल्याचा आवाज आला. “मुलं हसली. आपणही तेच म्हणत आलो, इंदिरा. घाबरला.”

“दवाखान्यात या. तुमचाही ईसीजी काढायचा म्हणतायत.”

“मला काय झालंय?”

“या म्हटलं ना.”

श्रेयाचा ईसीजी तिथेच निघाला. डॉक्टर त्या पट्टीकडे बघत राहिल्या, मग मोठ्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला आणि सकाळची पहिली वेळ मागितली. मला फक्त एवढंच म्हणाल्या, घाई करायला लागेल असं काहीतरी आहे, ‘घबराने वाला’ आहे की नाही ते उद्या कळेल. मग स्वतःच थांबून म्हणाल्या, “सॉरी, डरने वाला.” सोमवारी पळायचं नाही. जिनासुद्धा हळू उतरायचा.

मनीष सरांना मी फोन करून सांगितलं. अनुश्रीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीच काढलं. म्हटलं, तिला सांगा नवे बूट आजपासून घालून फिर, नाहीतर टाचेला फोड येतील.

परतताना, उदयसिंहांना ईसीजीसाठी दवाखान्यात सोडून, मी स्कूटर इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. श्रेया मागे मुसमुसत होती हे पाठीला कळत होतं. सिग्नलला थांबले तेव्हा विचारलंच, कारण माझा स्वभाव.

“तू हो म्हणाली असतीस तर बाईंनी सही केली असती. तुला दिसत होतं ना?”

“हो.”

“मग का नाही म्हणालीस?”

तिने माझ्या ओढणीलाच नाक पुसलं. “मग तू सगळ्या खानदानात सांगत सुटली असतीस ना, श्रेया बंदुकीला घाबरते म्हणून. त्यापेक्षा नाही पळाले तर नाही पळाले.”

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी डाव्या हाताने तिचे दोन्ही हात माझ्या पोटाशी घट्ट ओढून घेतले आणि एका हाताने, कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणार नाहीत अशी, स्कूटर पुढे काढली.