लंडन, छत्तीस भरत्या

"पृथवीच्या पाठीवं असा एक पन गाव न्हाय, जो भरतीच्या मापात बसत न्हाय," असे अंबाजीने शेवा गावच्या पंचांपुढे जाहीर केले, आणि भरत्या मोजता मोजता बोटे हुकल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सन तेहेतीसचा माघ. अंबाजी मिठागराचा मुकादम. दिवसाला दोन भरत्या. पाणी चढले की बांधाचे दार उघडायचे, उतरायच्या आत लावायचे. तीस वर्षे हेच केल्यामुळे मैल आणि तास त्याला सरकारी वाटत. त्याच्या मापात मुंबई एका भरतीवर, अलिबाग दोन आणि लंडन छत्तीस. लंडन त्याने पाहिले नव्हते. पण जावई हिरामण आगबोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला आणि तिथल्या खाणावळीत राहिला, तेव्हापासून त्याचे पत्र टाकल्यापासून अठरा दिवसांनीच पोचत असे.

या खेपेचे नऊ दिवसांत आले.

गुणाजी मास्तरांनी वरची तारीख वाचताच अंबाजीने त्यांना हाताने थोपवले. अठरा भरत्या, म्हणजे नेमके निम्मे अंतर. निम्म्यावर कोणते गाव येते, असे त्याने एका म्हाताऱ्या खलाशाला विचारले. तो म्हणाला सुएझच्या तोंडावरचे पोर्ट सैद बंदर, आणि असा हसला की पुढचे विचारायची गरजच उरली नाही. जावयाने तिथे दुसरा संसार मांडला, हे उघड होते. लेक राहीची काडीमोड करून घ्यायची, म्हणून हे पंच जमले होते. राही उंबऱ्याशी बसली होती. तिला कोणी काही विचारले नव्हते.

मास्तरांनी पाकिटावरची निळी चिठ्ठी दाखवली. हे पत्र विमानाने आले. लंडन ते कराची पाच हजार मैल, सात दिवस, तिथून मुंबई आणखी एक, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. लंडनचा शिक्काही होता. शिक्का काय, माणूस खिशात घालून कुठेही नेईल, असे पंचांचे मत पडले. मग पंचांतले म्हातारे बुधाजी पाटील यांनी रात्रीचे विमान काय करते, असे विचारले. मास्तर प्रामाणिक. खाली उतरते म्हणाले, आतली माणसे जेवतात, झोपतात.

"बोट झोपते का, मास्तर?"

"नाही."

"मंग निजत, जेवत येनारा आदी कसा पोचला?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. अंबाजीने शेवटची संधी म्हणून विचारले की विमान कोणत्या भरतीवर सुटते. मास्तर म्हणाले, घड्याळावर. तेव्हा हा माणूस जावयाला फितूर आहे, याबद्दल कोणालाच शंका उरली नाही.

बुधाजीने कुडाची काडी ओढून अंबाजीच्या हातात दिली. अंबाजीने ती दोन्ही चिमटींत धरली.

राही उठली. बापाकडे न बघता मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, पत्रात तारखेच्या खाली काय लिवलंय, तवढा वाचाल का?"